रेवस ते रेडी सायकलने : आठ दिवस पुरतील का आणि तयारी कुठून सुरू करावी?

सुरूबन, रत्नागिरी

नमस्कार. गौरी-गणपती आटोपले, पाऊसही परतीला लागला आहे, त्यामुळे दोन वर्षे मनात घोळणारा बेत यंदा तडीस न्यावा असे ठरवले आहे. मी माध्यमिक शाळेत शिकवते आणि वयाची सत्तेचाळीस वर्षे पूर्ण केली आहेत. माझी मामेबहीण आणि मी, अशा दोघींनी दिवाळीच्या सुट्टीत रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने सायकलवरून जायचे, असा विचार आहे. अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास भरते आणि हाताशी आठ दिवस आहेत, म्हणजे रोजचे सत्तर किलोमीटर. हे गणित कागदावर इतके सोपे दिसते की त्यावर विश्वास बसत नाही.

सायकल हायब्रिड आहे, टायर ७०० बाय ३८ चे आहेत, पुढे तीन व मागे सात असे एकवीस गिअर आहेत आणि ब्रेक रिमवर दाबणारे साधेच आहेत. गेले वर्षभर मी रविवारी सकाळी आरे-वारेमार्गे गणपतीपुळ्याला जाऊन परत येते. हे जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर होतात आणि अंगावर फारसे येत नाहीत, मात्र सोमवारी शाळेचा जिना उतरताना गुडघ्याच्या वाटीखाली दुखते. सामान लादून मी आजवर एकदाही सायकल चालवलेली नाही. ज्यांनी हा प्रवास केला आहे त्यांनी तीन गोष्टींबद्दल सांगावे, अशी विनंती आहे : रोजचे सत्तर किलोमीटर झेपण्यासारखे आहेत का, सायकलमध्ये काय बदलावे, आणि उरलेल्या पाच-सहा आठवड्यांत सराव कसा करावा.

पैलतीर, दापोली

सुरूबनताई, आम्ही तिघी दोन वर्षांपूर्वी रेवसहून निघून नवव्या दिवशी वेंगुर्ल्याला पोहोचलो. त्यात मधला एक पूर्ण दिवस गुहागरला विश्रांतीचा होता. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर एखाद्या दिवशी सत्तर किलोमीटर होतील, पण सलग आठ दिवस होणार नाहीत, आणि त्याचे कारण आपल्या पायांत नसून किनाऱ्याच्या घडणीत आहे. आपल्याकडे गाव खाली खाडीच्या तोंडाशी वसलेले असते आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्याचा सडा, म्हणजे खडकाळ पठार, उभा असतो. रस्ता गावातून निघाला की दीड-दोन किलोमीटरांत शंभर-दीडशे मीटर चढतो, सड्यावर थोडा सपाट चालतो आणि पुन्हा तितकाच खाली पुढच्या खाडीशी उतरतो. हर्णे ते गुहागर हे अंतर साठाच्या आतबाहेर आहे, पण कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे करत दाभोळला पोहोचेपर्यंत हे चढउतार इतक्या वेळा होतात की आम्ही मोजणे सोडून दिले होते. त्यामुळे बेत आखताना आजचे किलोमीटर किती, याच्याऐवजी आज खाड्या किती आणि घाट्या किती, असे विचारावे. आम्ही रोजचे सत्तरपेक्षा कमीच धरले होते आणि तेवढेच पुरे झाले.

दुसरी गोष्ट फेरीबोटींची. रत्नागिरीच्या उत्तरेला अगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड अशा चार ठिकाणी बोटीने खाडी ओलांडावी लागते. रेवस-रेडी सागरी महामार्गावर पूल व्हायचे आहेत, ते झाले की हे चित्र पालटेल, पण तूर्त या चार धक्क्यांवर आपला वेळ जाणार हे धरून चालावे. सायकलला मोटारींच्या रांगेत थांबावे लागत नाही, ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट आहे. मात्र बोट डोळ्यांदेखत सुटली की पुढचा पाऊण-एक तास धक्क्यावरच्या टपरीत चहा पीत काढावा लागतो, म्हणून दिवसातली शेवटची खाडी शक्यतो चारच्या आत ओलांडावी. हिवाळ्यात सहा-सव्वासहाला सूर्य मावळतो आणि सड्यावरच्या रस्त्याला दिवे नसतात. आणखी एक : बोटीवर चढताना कृपा करून सायकलवर बसू नका. ओहोटीच्या वेळी धक्क्याचा उतार शेवाळाने हिरवागार झालेला असतो, बोटीची लोखंडी फळी ओली असते आणि भरल्या पिशव्यांमुळे मागचे चाक घसरले तर सायकल सावरता येत नाही. आमच्यातली एक दाभोळला अशीच कोपरावर पडली. हाड वाचले, पण गुहागरचा विश्रांतीचा दिवस त्यामुळेच घ्यावा लागला.

मोबाइलच्या नकाशावर आंधळा विश्वास ठेवू नये, हे केळशीच्या अलीकडे आम्हाला चांगलेच कळले. दोन किलोमीटर वाचतात म्हणून त्याने दाखवलेल्या वाटेने आम्ही वळलो आणि एका बागेच्या गडग्याशी रस्ता संपून पुढे थेट पाखाडी लागली. जांभ्याच्या ऐंशीएक पायऱ्या, वर सुपारीची सावली, दृश्य अतिशय देखणे, आणि हातात प्रत्येकी पंचवीस किलोची सायकल. एका आजींनी ओटीवरून विचारले, “चाकांक चालवतास की चाकां तुमका?” त्या मूळच्या मालवणकडच्या असाव्यात. प्रश्न मात्र रास्त होता. दिवसाचा मार्ग आदल्या रात्री जिथे मुक्काम असेल त्या घरच्या माणसांकडून तपासून घ्यावा, एवढेच सांगते.

चिपळूणचा फिटर

ताई, माझे सायकलचे दुकान आहे आणि अशा दौऱ्यांच्या सायकली मी दर हिवाळ्यात तयार करून देतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. आपली सायकल या कामाला योग्य आहे. नवी घेण्याच्या मोहात पडू नये.

सर्वांत आधी मागच्या फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचाचे, सर्वांत मोठे चक्र किती दात्यांचे आहे, ते मोजा. एकवीस गिअरच्या बहुतेक सायकलींना पुढे सर्वांत लहान चक्र २८ दात्यांचे आणि मागे सर्वांत मोठेही २८ चेच असते, म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाक एक फेरा घेते आणि सायकल सुमारे २.२ मीटर पुढे जाते. मोकळ्या सायकलला हे चालते, पण मागे दहा किलो सामान आले की आपल्याकडच्या घाटीत तेवढे हलके पुरत नाही. मागे ३४ दात्यांचे फ्रीव्हील बसवले की हेच अंतर १.८ मीटरवर येते, चढ बसून चढता येतो आणि गुडघ्यावरचा भारही त्याच प्रमाणात उतरतो. हा बदल फार खर्चाचा नाही. मात्र मागच्या डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, पिंजरा लांब आहे की आखूड आणि साखळीत दोन-चार कड्या वाढवाव्या लागतात का, हे बसवतानाच बघून घ्यावे लागते. आखूड पिंजऱ्यावर मोठे फ्रीव्हील चढवले की साखळी ताणली जाऊन डिरेलरच मोडल्याची उदाहरणे माझ्या बाकावर आलेली आहेत.

त्यानंतर चाके. सामानाचा बहुतेक भार मागच्या चाकावर येतो आणि स्पोक तुटतो तोही बहुधा मागचाच, फ्रीव्हीलच्या बाजूचा. चाकाचा आउट, म्हणजे फिरताना होणारी वाकडी हालचाल, काढून घ्या, आणि तो काढल्यावर स्वतः एक परीक्षा करा : सायकल उलटी ठेवून एकाच बाजूचे स्पोक बोटाने एकामागून एक छेडत जा. सगळ्यांचा आवाज साधारण एका सुरात आला पाहिजे. मध्येच एखादा भदभद बोलला तर तो सैल आहे, आणि त्याचा भार शेजारचे दोन वाहत आहेत, म्हणजे तुटणार ते शेजारचे. आपल्या चाकाच्या मापाचे चार स्पोक फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून न्यावेत, कारण ते माप वाटेत मिळेलच असे नाही.

ब्रेकची रबरे नवी घाला आणि जुनी झिजलेली नसली तर सोबत ठेवा. जांभ्याची तांबडी धूळ रबरात रुतून बसते आणि मग ते रबर रिमला कानशीसारखे घासत राहते. रोज संध्याकाळी रिम ओल्या फडक्याने पुसणे आणि रबरातले खडे पिनेने टोकरून काढणे, हे पाच मिनिटांचे काम चुकवू नये. लांब उतारावर एकच ब्रेक दाबून धरू नका. दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबून सोडत उतरावे, म्हणजे रिम तापत नाही.

ट्यूब प्रत्येकी दोन, पंक्चरचे साहित्य, टायर काढायचे प्लास्टिकचे लिव्हर, साखळी जोडायची कडी, एक ब्रेकची आणि एक गिअरची तार, अ‍ॅलन कीचा संच आणि हातपंप एवढे पुरे. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक प्रेस्टा जातीचा असेल तर गावातल्या दुकानाचा पंप त्याला बसत नाही. त्यासाठी पितळेचे छोटे अडॅप्टर मिळते, ते किल्लीच्या कडीत अडकवून ठेवा. पावसाळा संपला की लोक परसाची वई, म्हणजे काटेरी कुंपण, नव्याने घालतात आणि करवंदीचे काटे गल्लीत पसरतात. कोकणातली निम्मी पंक्चरे मोठ्या रस्त्यावर नव्हे, तर मुक्कामाच्या दारात होतात.

शेवटी एक कळकळीची विनंती. वाळूवरून सायकल चालवण्याचा फोटो सर्वांना हवा असतो. मीही एकदा कर्द्याच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून तीन किलोमीटर गेलो होतो आणि सायकलवाला असूनही रात्री ती धुतली नाही. पंधरा दिवसांनी मागचा हब उघडला तेव्हा छऱ्यांच्या जागी गंजाचा लगदा निघाला. किनाऱ्यावर सायकल हातात धरून न्यावी, आणि मुक्कामी गोड्या पाण्याने पुसून साखळीला तेल द्यावे.

अबोली, कुडाळ

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरीही गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीखाली आणि उतरताना दुखणे हे सीट फार खाली असण्याचे किंवा जड गिअर दाबून चालवण्याचे नेहमीचे लक्षण आहे. भिंतीला टेकून सायकलवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा पायडलवर आला की गुडघ्याला तीसएक अंशांचा हलका वाक राहतो. सीट एकदम दोन बोटे वर नेऊ नका, अर्ध्या सेंटिमीटरने वाढवत दोन-तीन फेऱ्या मारून पाहा. दुसरे म्हणजे पायडल मिनिटाला ऐंशीच्या आसपास फिरत राहील असा गिअर निवडावा. आपल्यापैकी बहुतेकांना जड गिअरवर हळूहळू रेटण्याची सवय लहानपणच्या बिनगिअरच्या सायकलीने लावलेली आहे आणि गुडघे त्याचीच किंमत मोजतात. तीन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही तर मात्र कोणाला तरी दाखवूनच निघावे.

सरावाबद्दल माझे मत असे की रविवारचे पन्नास किलोमीटर वाढवून ऐंशी करण्यापेक्षा शनिवार-रविवार लागोपाठ चाळीस-चाळीस करणे अधिक उपयोगाचे आहे. दौऱ्यात शरीराची कसोटी पहिल्या दिवशी लागत नाही. काल दमलेल्या पायांनी आज पुन्हा बसायचे असते तेव्हा ती लागते. आठवड्याचे एकूण अंतर दर वेळी साधारण दहा टक्क्यांनी वाढवा, चौथ्या आठवड्यात थोडे कमी करा आणि निघण्यापूर्वीचा आठवडा हलका ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांत सामान लादूनच चालवा. पिशव्या पाठीवर नकोत, कॅरिअरला दोन्ही बाजूंना सारख्या वजनाच्या हव्यात. गादीच्या सायकल-पँटमध्ये अंतर्वस्त्र घालू नये आणि ती रोज धुवावी, हे कोणी उघडपणे सांगत नाही. आठ दिवसांच्या दौऱ्यातून तिसऱ्या दिवशी परतणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत आणि त्यांचे पाय उत्तम होते, त्रास फक्त बैठकीच्या जागेचा होता.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे वेगळा आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता निथळतो, त्यामुळे शरीर थंड होत नाही आणि मीठ मात्र जात राहते. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी प्या, पण दिवसभर नुसते पाणी ढोसत राहिल्याने रक्तातले सोडियम उतरते आणि डोके दुखून मळमळू लागते. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे साधे मिश्रण एका बाटलीत कायम असू द्या. मीठ घातलेले कोकम सरबत चालेल, आणि सकाळी निघताना वाडगाभर उकड्या तांदळाची पेज मिठासकट मिळाली तर तिच्यासारखे दुसरे काही नाही. वाटेत दर पाऊण तासाने चार घास खा. आंबापोळी सांडत नाही, वितळत नाही आणि एका हाताने खाता येते.

वेंगुर्लेकर काका

वरील सर्वांनी उत्तम लिहिले आहे, परंतु मूळ बेताबद्दलच माझी हरकत आहे. रत्नागिरीच्या माणसाने सायकल गाडीत घालून आधी रेवस गाठायचे आणि मग आपल्याच दारावरून पुढे जायचे, हे मला पटत नाही. हा प्रवास दोन भागांत करावा. दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीज उरकल्यावर, घराच्या उंबरठ्यावरूनच दक्षिणेकडे निघा : भाट्याच्या पुलावरून पावस, पूर्णगड, जैतापूर, मग विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा, मालवण, वेंगुर्ला, शिरोडा आणि रेडी. हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, पाच दिवसांत आरामात होते आणि मुख्य म्हणजे या भागात एकही फेरीबोट लागत नाही, सगळ्या खाड्यांवर पूल आहेत. काही बिघडले, गुडघा बोलू लागला, तर रेल्वेमार्ग आत फार लांब नाही. तेथून जो अनुभव मिळेल त्यावर जानेवारीत उत्तरेचा, बोटींचा भाग करावा. तोवर हवाही सुधारलेली असेल. दिवाळीत दुपारचे ऊन अजून ऑक्टोबरचेच असते आणि एखादी सर येऊनही जाते.

दिशा उत्तरेकडून दक्षिणेकडे हीच ठेवा, याला माझा वाऱ्याचा आधार आहे. पहाटे मतलई वारा जमिनीकडून वाहतो आणि डाव्या अंगाला लागतो, त्याचा त्रास नाही. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून सुटतो तेव्हा दक्षिणेला जाणाऱ्याच्या तो पाठीवर येतो. उलट दिशेने वेंगुर्ल्याहून मालवणला दुपारी निघालेल्या माणसाला सपाटीवरही घाटी चढल्याचा भास होतो. जानेवारीत कलमांच्या बागांत मोहरावर फवारणी चालू असते, त्या वेळी नाकाला रुमाल बांधून पुढे निघून जावे.

नकाशावर मालवणहून तारकर्ली-देवबागचा रस्ता थेट भोगव्याला पोहोचेल असे वाटते, पण देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांमधली वाळूची चिंचोळी पट्टी असून संगमाशी रस्ता संपतो. सायकल बोटीत घालायची नसेल तर तेवढेच मागे यावे लागते. कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्याकडे गावोगाव जत्रा सुरू होतात. मुक्काम मिळतो, पण रात्रभर दशावतार पाहून दुसऱ्या दिवशी सायकल चालवता येत नाही, हे अनुभवाने सांगतो. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख पंचांगात नसते, ती देवीच्या कौलाने ठरते, आणि ती जाहीर झाली की मालवण परिसरातल्या खोल्या बघता बघता भरतात. दक्षिणेचा भागच पुढे ढकलायचा झाला तर एवढे लक्षात असू द्यावे.

परतीसाठी सावंतवाडी रोड स्थानकावर सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाकण्यासाठी आधी नोंदवावी लागते. गाडी सुटण्याच्या बऱ्याच आधी पोहोचा आणि त्या गाडीत पार्सलची सोय व रत्नागिरीला पुरेसा थांबा आहे का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या. हँडल आडवे करा, पायडल काढून पिशवीत ठेवा आणि सायकलवर नाव, निघण्याचे स्थानक व उतरण्याचे स्थानक पुठ्ठ्यावर लिहून दोन ठिकाणी बांधा.

सुरूबन, रत्नागिरी

सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. काकांची सूचना मामेबहिणीला फोनवर वाचून दाखवली तेव्हा ती म्हणाली की रेवसपर्यंत सायकल कशी न्यायची, या एकाच चिंतेने तिला झोप येत नव्हती. त्यामुळे भाऊबीजेनंतर दक्षिणेचा भाग पाच दिवसांत आणि उत्तरेचा जानेवारीत, एका विश्रांतीच्या दिवसासह सहा दिवसांत, असे आता ठरले आहे.

फ्रीव्हीलचे दाते मोजले. मागे २८ च आहेत, ३४ चे सांगून ठेवले आहे. सीट दोन टप्प्यांत एक सेंटिमीटर वर नेली आणि या सोमवारी जिना उतरताना जाणवले, पण दुखले म्हणावे असे नाही. शनिवारी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो तांदूळ बांधून पूर्णगडापर्यंत जाऊन आले. जाताना पावसच्या पुढच्या चढावर उतरून चालावे लागले, आणि चालताना प्रथमच कळले की भरलेली सायकल ढकलणे हे चालवण्याहून कठीण आहे. येताना भाट्याच्या उतारावर हँडल थरथरू लागले. वेग कमी केल्यावर थांबले, परंतु मनात धास्ती बसली आहे. हे तांदळाच्या पिशव्या नीट न बांधल्यामुळे झाले की सायकलमध्ये काही दोष आहे?

चिपळूणचा फिटर

बहुधा दोन्ही. पिशवी वर बांधली की ती डुलते आणि तिची लय हँडलमध्ये उतरते. वजन जितके खाली आणि चाकाच्या आसाजवळ तितके बरे, म्हणून जड वस्तू पिशवीच्या तळाशी ठेवा आणि दोन-तीन किलो पुढे हँडलच्या पिशवीत न्या. तरीही थरथर राहिली तर कॅरिअरचे चारही स्क्रू आवळून पाहा, आणि मग पुढचा ब्रेक दाबून धरून सायकल मागेपुढे हलवा. हँडलच्या गळ्याशी टकटक लागली तर हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, सैल आहे, तो घट्ट करून घेतल्याशिवाय पुन्हा भाट्याचा उतार उतरू नका. आणि तांदूळ घरी पोहोचल्यावर निवडून घ्या, जांभ्याची धूळ पिशवीत शिरते.